खेळून राहिला, की खेळवून राहिला?

२०२५च्या मे महिन्यातली दुपार. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५च्या आसपास, रस्ते ओस आणि घराघरांत कूलरची घरघर. आमच्याकडे कूलरसमोरची जागा बाबांची. मधे स्टूल, स्टुलावर बुद्धिबळाचा पट. मी माझा हत्ती अलगद पुढे सरकवला. तो त्यांच्या उंटाच्या थेट तोंडी होता आणि ते मला माहीत होतं. चेहऱ्यावर मात्र मी 'अरेच्चा, हे दिसलंच नाही' असा भाव तयार ठेवला होता.

बाबांनी हत्ती घेतला नाही. ते आधी पटाकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. लकव्याचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचं बोलणं संथ झालंय. एकेक शब्द शोधून आणावा तसा येतो. त्यामुळे ते वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागला आणि मला ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागलं.

"तू खेळून राहिला, की मला खेळवून राहिला?"

नागपूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे 'खेळतो आहेस'ला 'खेळून राहिला' म्हणतात. दोन्हींत फक्त एका 'व'चा फरक. पण तेवढ्यात मी मुलाचा लबाड झालो आणि ते बापाचे लहान मूल झाले. बाबांनी डाव्या हातानं सोंगट्या डब्यात भरल्या आणि आत जाऊन पडले.

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. आपल्या माणसाला मुद्दाम जिंकू देणं हा चांगुलपणा आहे का? आणि असेल, तर पकडले गेल्यावर मला चोरी पकडल्यासारखं का वाटलं?

जिंकू दिलं, तर जिंकला कसा?

बुद्धिबळ मला बाबांनीच शिकवलं. मी सात वर्षांचा होतो आणि ते रेल्वेतली ड्यूटी संपवून घरी आले की मी पट मांडून बसलेला असायचो. ते मला रोज हरवायचे. बारा-पंधरा चालींत. मी रडायचो. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, लेकरू आहे, एखादवेळी जिंकू द्या ना त्याला." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "जिंकू दिलं, तर जिंकला कसा?"

मी त्यांना पहिल्यांदा हरवलं तेव्हा नववीत होतो. मात झाल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सोंगट्या परत मांडल्या आणि म्हणाले, "आता हे पुन्हा करून दाखव." दुसरा डाव मी हरलो. पण पहिला डाव माझा होता. पुढे परीक्षा झाल्या, नोकरी लागली, पण 'आपल्याला जमतं' याचा मला मिळालेला पहिला पुरावा तोच. त्या पुराव्यावर मी कधी शंका घेतली नाही, कारण बाबा कोणाला जिंकू देत नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

नोव्हेंबर २०२३मध्ये त्यांना झटका आला. उजवी बाजू कमजोर झाली, बोलणं अडखळू लागलं. हळूहळू बरंच सुधारलं. डॉक्टरांनी सांगितलं, डोकं गुंतवून ठेवा. मी पट काढला.

बुद्धिबळ हा शब्द तेव्हा मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. बुद्धीचं बळ. ज्याच्या मेंदूलाच धक्का बसलाय, त्याच्यासमोर आपण हे नाव असलेला खेळ मांडतोय! बाबांची सुरुवात अजूनही छान असायची. पंधरा-सोळा चाली जुने बाबा खेळायचे. मग कुठेतरी धागा सुटायचा. कोपऱ्यातला माझा उंट त्यांच्या नजरेतून निसटायचा. मी लागोपाठ चार डाव जिंकलो. चौथ्यानंतर ते म्हणाले, "झालं आपलं आता."

पाचव्या डावापासून मी हरायला लागलो.

मुद्दाम हरणं सोपं नसतं. पटकन हरलं तर कळतं. आधी झुंज द्यायची, मधे एखादं प्यादं जिंकायचं आणि मग एक चूक अशी करायची की ती चूक वाटावी. मी त्यात तरबेज झालो. तीन महिने बाबा जिंकत होते. शेजारच्या काकांना सांगत होते. जेवण वाढलं होतं. आई खूश, मी खूश. मग मे महिन्यातली ती दुपार आली.

लपवलेलं पान

इथे मला दुसरी एक लबाडी कबूल करायची आहे. ती कोणीच पकडलेली नाही.

मी एकट्यानं बोर्ड गेम खेळतो. हे ऐकल्यावर लोक आधी हसतात, मग काळजीनं बघतात. बर्डीवरच्या दुकानात मिळणारे व्यापार, ल्यूडो, साप-सिडी हे चौघांचे खेळ, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गेल्या काही वर्षांत जगभर एकट्यासाठीही पटावरचे खेळ तयार होतात. विंगस्पॅन नावाच्या पक्ष्यांच्या खेळात १७० वेगवेगळ्या पक्ष्यांची पानं आहेत आणि समोर माणूस नसेल तर त्याच्या जागी 'ऑटोमा' नावाचा पानांचा एक वेगळा गठ्ठा खेळतो. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्यात एका खोलीत अडकलो होतो. दिवसभर लॅपटॉप, संध्याकाळी मोबाइल. स्क्रीन नसलेलं काहीतरी हवं म्हणून असे खेळ मागवले आणि मग सवयच लागली. नागपूरला परतलो तेव्हा सामानात अर्धे डबे खेळांचेच होते.

माझा आवडता खेळ 'फ्रायडे'. फ्रीडेमान फ्रीझे या जर्मन माणसानं तो २०११मध्ये आणला. रॉबिन्सन क्रूसो बेटावर येऊन पडलाय आणि तुम्ही आहात फ्रायडे. तुम्हाला तुमचं शांत बेट परत हवंय, म्हणून या वेंधळ्या पाहुण्याला तगायला शिकवून तिथून रवाना करायचं, अशी गंमत. पानं उलटत संकटांशी लढायचं, नवी कौशल्यं गठ्ठ्यात घालायची आणि शेवटी समुद्री चाच्यांना तोंड द्यायचं. पण एक नियम कडक आहे. गठ्ठा संपला की पानं पिसण्याआधी त्यात वार्धक्याचं एक पान घालायचं. कुठल्या पानावर भूक, कुठल्यावर भीती, कुठल्यावर लक्ष उडणं. ते पान आता तुमच्याच गठ्ठ्यात राहणार आणि कधी वर येईल सांगता येत नाही.

बाबा दवाखान्यात होते त्या आठवड्यात एका रात्री आईनं मला झोपायला घरी पाठवलं. झोप येईना. मी फ्रायडे मांडला. गठ्ठा संपला. वार्धक्याचं पान उचललं, वाचलं आणि डब्याच्या झाकणाखाली सरकवून दिलं. खोलीत कोणी नव्हतं. मी तो डाव जिंकलो. मी प्रत्येक डावाची नोंद एका वहीत ठेवतो. त्या तारखेसमोर लिहिलं, 'जिंकलो'.

यात कोणाचं काय बिघडलं? कोणाचा हक्क मारला नाही, पैसे नव्हते, समोर माणूस नव्हता. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं १७९७च्या आपल्या पुस्तकात या कोड्याला हात घातला होता. माणसाचं स्वतःशी काही कर्तव्य असू शकतं का? कारण वचन देणारा मीच आणि घेणाराही मीच असेन, तर मी स्वतःला केव्हाही त्यातून मोकळं करू शकतो. मग ते वचन कसलं? कांटनं तरीही उत्तर 'असू शकतं' असंच दिलं, उलट स्वतःशी कर्तव्य नसेल तर दुसऱ्या कुणाशीही उरणार नाही असं म्हटलं. पण मला आधी त्या अडचणीपाशीच थांबायचंय. तो नियम मी माझ्यावर घातला होता. मी तो काढला. त्यात वाईट काय?

माझं उत्तर असं. नियम काढण्यात काहीच वाईट नव्हतं. 'आज रात्री वार्धक्याचं पान नको, आज नुसतीच पानं उलटू दे' असं मी स्वतःला म्हणालो असतो, तर तो एक वेगळा, सोपा खेळ झाला असता. लबाडी पान लपवण्यात नव्हती. ती वहीत 'जिंकलो' लिहिण्यात होती. मला सूटही हवी होती आणि सूट न घेता मिळणारं श्रेयही.

कॅरमच्या सोंगट्या हातानंही टाकता येतात

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाचं १९७८चं एक पुस्तक आहे, 'द ग्रासहॉपर'. मुंगी आणि नाकतोड्याच्या गोष्टीतला नाकतोडा त्याचा नायक आहे. खेळ म्हणजे काय, याचं सूट्सनं दिलेलं उत्तर थोडक्यात असं: अनावश्यक अडथळे आपखुशीनं ओलांडायचा प्रयत्न.

कॅरम घ्या. सगळ्या सोंगट्या खिशात जाव्यात हा हेतू असेल, तर त्या उचलून हातानं टाकता येतात. अर्ध्या मिनिटाचं काम. पण आपण पावडर मारतो, रेषेवर स्ट्रायकर ठेवतो, कोन धरतो, एका बोटानं टिचकी मारतो आणि राणी घेतली तर कव्हरही करावं लागेल असं आणखी एक लोढणं गळ्यात अडकवून घेतो. सोंगटी खिशात जाण्याला जी काही किंमत आहे, ती या अडथळ्यांतूनच येते.

सी. थी न्गुयेन या आजच्या तत्त्वज्ञानं २०२०च्या पुस्तकात यापुढची पायरी सांगितली. काहीजण जिंकण्यासाठी झगडतात. पण बरेचजण झगडायला मिळावं म्हणून जिंकायचं ठरवतात. डाव संपल्यावर कोण जिंकलं हे तासाभरात विसरलं तरी चालतं. पण डाव सुरू असताना जिंकायचं मनापासून हवं असावं लागतं, नाहीतर झगडा सुरूच होत नाही.

आता बाबांकडे परत येऊ. तीन महिने मी त्यांना विजय देत होतो आणि झगडा काढून घेत होतो. ते खेळत होते, समोर कोणीच नव्हतं. शिवाय हे त्यांच्यापासून लपवलेलं होतं, म्हणजे त्यांच्या वहीत त्यांच्याऐवजी मीच 'जिंकलो' लिहीत होतो.

आणि खरं सांगायचं तर ते त्यांच्यासाठीही नव्हतं. त्यांना हरताना मला बघवत नव्हतं. सोळाव्या चालीला त्यांचा धागा सुटतो, तो क्षण मला समोर नको होता. दवाखान्याच्या आठवड्यात जे पान मी झाकणाखाली सरकवलं, तेच तीन महिने स्टुलावर सरकवत होतो.

कच्चा लिंबू

म्हणजे दुबळ्यासाठी काहीच करायचं नाही? प्रत्येक पोराला आणि म्हाताऱ्याला खऱ्या जोरानं हरवत सुटायचं?

याचं उत्तर आपल्या गल्ल्यांत फार आधीपासून आहे. कच्चा लिंबू. लपाछपी असो की पकडापकडी, सोबत धाकटं भावंडं आलेलं असायचं. त्याला घरी पाठवलं तर आई रागावणार. मग सगळ्यांदेखत जाहीर व्हायचं: हा कच्चा लिंबू. तो पळेल, लपेल, ओरडेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. मला ही पद्धत फार शहाणी वाटते. तिच्यात दया आहे, पण ती चोरून केलेली नाही. सूट सगळ्यांना माहीत आहे, खुद्द कच्च्या लिंबालासुद्धा.

तिचा तोटाही आपल्याला आठवतो. कधीतरी त्या पोराच्या लक्षात येतं की आपण आत आहोत, पण आपण मोजले जात नाही. मग ते पाय आपटून म्हणतं, "मला नाही कच्चा लिंबू व्हायचं. माझ्यावर राज्य येऊ द्या." बाबा त्या दुपारी हेच म्हणाले होते. फरक इतकाच, की मी त्यांना न सांगता कच्चा लिंबू केलं होतं.

यावर आजीच्या पिढीकडे आणखी एक तोड होती, नशिबाचे खेळ. सारीपाट, कवड्या-चिंचोक्यांचे पट, साप-सिडी. साप-सिडीचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट, आणि आपल्याकडे ते परंपरेनं ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितलं जातं. जुन्या पटांवर घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावं असायची, शिड्या पुण्याच्या आणि साप पापांचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडात पोचला आणि लहान मुलांचा झाला. मीही त्याला बाळबोध समजायचो, कारण त्यात डोकं लागत नाही. आता मला तीच त्याची थोरवी वाटते. माझा सहा वर्षांचा भाचा, त्याची आजी आणि डाव्या हातानं फासा टाकणारे त्याचे आजोबा एका पटावर बसतात आणि कोणालाच कोणाची दया करावी लागत नाही. ९८वर साप गिळतो तेव्हा तो वय बघत नाही. सगळे सारखेच ओरडतात.

एक अपवाद मला मान्य केला पाहिजे. ज्यांची स्मृती पूर्ण गेली आहे, हातातलं पान कशाचं हेही ज्यांना उमगत नाही, त्यांच्यासोबत कोणी खोटा खोटा पत्त्यांचा डाव मांडत असेल, तर त्याला मी लबाड म्हणणार नाही. तिथे स्पर्धा उरलेलीच नाही. सोबत आहे, हात हातात घेण्यासारखी. माझा आक्षेप फक्त तिथे आहे, जिथे समोरचा माणूस आपल्याला अजून पकडू शकतो. तो पकडू शकतो याचाच अर्थ तो अजून खेळात आहे, आणि आपण त्याला परस्पर खेळाबाहेर काढतोय.

नळाचा दुसरा डाव

आमच्या विदर्भाची लेक दमयंती. महाभारताच्या वनपर्वात तिची आणि नळाची कथा येते. द्यूत म्हटलं की आपल्याला धर्मराज आठवतो, पण मला या प्रश्नासाठी नळ जास्त जवळचा वाटतो. भाऊ पुष्कर याच्याशी फाशांत तो राज्य हरतो, रानोमाळ भटकतो, दमयंतीला सोडून जातो. पुढे ऋतुपर्ण राजाकडून तो फाशांची विद्या शिकतो आणि परत येतो. येऊन राज्य मागत नाही, दुसरा डाव मागतो. एकाच फेकीत जिंकतो. आणि मग पुष्कराला जीवदान देतो, त्याचा वाटा देऊन सन्मानानं त्याच्या नगरीला पाठवतो.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. नळानं पुष्करावर दया केली, पण ती डाव संपल्यावर. डावात त्यानं पुष्कराला पुरा प्रतिस्पर्धी मानलं.

२८ जुलै २०२५ला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला. समोर कोनेरू हंपी. दिव्या १९ वर्षांची, हंपी तिच्या दुप्पट वयाची आणि दोन दशकांचा दबदबा असलेली. दोन क्लासिकल डाव बरोबरीत सुटले आणि फैसला जलद डावांत झाला. मी आणि बाबा मोबाइलवर बघत होतो. मे महिन्यानंतर आम्ही पटापाशी एकत्र बसलो ते त्या दिवशी, तेही दुसऱ्यांचा पट बघायला. शेवटच्या डावात हंपीच्या हातून चूक झाली आणि बाबा पुढे सरकून बसले. ती चूक खरी होती. म्हणून तो विजय खरा होता, आणि म्हणून दिव्याच्या डोळ्यांतलं पाणीही.

मला तेव्हा माझा हत्ती आठवला. मी म्हणालो, "बाबा, मी तीन महिने मुद्दाम हरत होतो."

"माहीत आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "सगळे?"

"सगळे."

ते काही बोलले नाहीत. ती शांतता सोपी नव्हती. शेजारच्या काकांना सांगितलेले सगळे विजय त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले असावेत. मी ते परत घेतले होते आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

वजीर काढ, पण सांगून काढ

तोड बाबांनीच काढली, दोन दिवसांनी. पट मांडायला सांगितला आणि माझ्या बाजूच्या वजिरावर बोट ठेवलं. "हा काढ. पण सांगून काढ. आणि मग मार मला."

ही काही त्यांची नवी कल्पना नव्हे. एकोणिसाव्या शतकात बलवान खेळाडूनं एखादी सोंगटी कमी घेऊन खेळणं सर्रास होतं. १८५९मध्ये अमेरिकेच्या पॉल मॉर्फीनं तर एक प्यादं आणि पहिली चाल समोरच्याला दिल्याशिवाय सामनेच खेळणार नाही असं जाहीर केलं होतं. गो या खेळात कमजोर खेळाडूला आधीच पटावर काही जादा सोंगट्या मांडू देण्याची रीतसर पद्धत आहे. सूट आहे, पण ती डावाआधी, उघड आणि दोघांच्या संमतीनं दिलेली. एकदा डाव सुरू झाला की कोणीही कोणाला काहीही द्यायचं नाही.

वजिराशिवाय खेळताना मला घाम फुटतो. बाबा सुरुवातीच्या चालींत इतकं दाबतात की श्वास घ्यायला जागा राहत नाही. मग सोळाव्या-सतराव्या चालीला कधीकधी धागा सुटतो. तो सुटताना मला दिसतो. मी आता नजर वळवत नाही. कोपऱ्यातला उंट चालवतो.

आतापर्यंत आमचे वजिराशिवाय ३१ डाव झाले. बाबांनी नऊ जिंकले. वही माझी असली तरी त्यांचे नऊ त्यांनीच लिहिलेत, डाव्या हातानं. अक्षर वेडंवाकडं आहे, पण वाचता येतं. त्याच वहीत थोडं मागे नोव्हेंबर २०२३चं पान आहे. त्या तारखेसमोरचं 'जिंकलो' मी खोडलंय आणि शेजारी लिहिलंय, 'सोपा डाव खेळलो'.

परवा बाविसाव्या चालीला त्यांनी मला मात दिली. मी पटाकडे बघत बसलो, कुठे चुकलो ते शोधत. ते मिस्कीलपणे म्हणाले, "का रे, देऊन तर नाही टाकला?"

"नाही बाबा. खरंच दिसलं नाही."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. मग वही मागितली.